आडोसा आणि ऊन

घराभोवती चार झाडे लावण्यात धर्माधर्माचा प्रश्न कोठून आला, असे वाचक विचारतील, आणि त्यांचे विचारणे वाजवी आहे. झाड लावणे हे पुण्य, तोडणे हे पाप, इतकी सोपी वाटणी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही तीच मानीत होतो. परंतु सुरतेतील आमच्या आठ फुटी परसात आम्ही एक हिरवी रांग लावली, आणि वीस वर्षांच्या वकिलीत एकाही न्यायाधीशाने विचारला नव्हता असा प्रश्न त्या रांगेने आम्हांस विचारला. आपल्या घरातील माणसाचा आडोसा राखण्यासाठी शेजाऱ्याचे काय काय घेण्याचा आपल्याला अधिकार आहे? ज्याच्या घराभोवती एकरभर बाग आहे त्याला हा प्रश्न पडतच नाही. तो अरुंद जागेतच पडतो, आणि हल्ली आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला अरुंद जागाच आलेली आहे.

आमचे घराणे मूळचे गोव्यातील फोंडे महालातले. वडील नोकरीनिमित्त सुरतेस आले आणि तापीच्या पश्चिम काठी, अडाजणच्या बाजूस, एका सोसायटीत त्यांनी घर घेतले. अशा घरांना तेथे रो-हाउस म्हणतात. भिंतीला भिंत लावून एका रांगेत उभी असलेली दुमजली घरे, प्रत्येकाच्या पुढे एक मोटार उभी राहील एवढी जागा आणि मागे एक पट्टी. आमचे घर पश्चिमाभिमुख; मागची पट्टी पूर्वेस, आठ फूट खोल आणि अठरा फूट लांब. बांधकाम करणारे तिला ‘मार्जिन’ म्हणतात. आमच्या घरात कोंकणी बोलली जाते, म्हणून ती ‘परस’. नारळी-पोफळींचे परस सोडून आलेल्या माणसांनी आठ फुटांनाही परसच म्हणावे ह्यात थोडा हट्ट आहे, पण तो आम्ही कधी मोडला नाही. त्या परसात एक मोरी, कपडे वाळविण्याची तार आणि एक तुळशीवृंदावन. आमच्या उत्तरेस रांगेतले शेवटचे घर. त्यात एक वृद्ध सुरती बाई राहतात; त्यांना सगळी सोसायटी ‘बा’ म्हणते. त्यांच्या आणि आमच्या परसांमध्ये पाच फूट उंचीची भिंत आहे.

बांचे यजमान हयात होते तेव्हा ह्या भिंतीवरून ते आमची थट्टा करीत. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली सुरत लुटली. तोवर शहराला मातीचा तट होता, पुढे त्याच्या जागी विटांचा तट उभा राहिला. ‘तुमच्या लोकांमुळे आमच्या गावाला पक्की भिंत बांधावी लागली,’ असे ते म्हणत आणि वर त्याच भिंतीवरून आम्हांस घारीचा डबा देत. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला ही थट्टा नवी नाही. तिच्यात राग नसतो.

बांच्या घरापलीकडे बरीच वर्षे मोकळा प्लॉट होता. २०१८ साली तेथे बारा मजली इमारत पुरी झाली. तिच्या गॅलऱ्या दक्षिणेकडे, म्हणजे बांच्या आणि आमच्या परसांकडे तोंड करून. आमच्या आईचा नेम असा की पहाटे स्नान करून ओल्या केसांनी तुळशीला पाणी घालावे, प्रदक्षिणा घालाव्या, आणि मग मोरीपाशी बसून सोवळ्याची भांडी घासावी. इमारतीत माणसे राहावयास आली तेव्हा आई काही बोलली नाही. प्रथम तिने आपली वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली. मग प्रदक्षिणा गेल्या. एक लोटा पाणी घाईने ओतून ती आत येऊ लागली. पुढे एके दिवशी तिने तुळशीचे एक रोप कुंडीत लावून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांपाशी ठेवावयास सांगितले. पुरते ऊन न मिळाल्याने ते रोप खुरटले. आईने त्याबद्दलही तक्रार केली नाही. आम्ही मात्र मनातून दुखावलो.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गॅलरीत येणाऱ्या माणसांचा काहीही अपराध नव्हता. कोणी चहा घेत होते, कोणी कपडे वाळत घालीत होते, कोणी तापीवरून येणारा वारा खात होते. त्यांपैकी कोणी आमच्या आईकडे पाहत होते असे आम्ही शपथेवर सांगू शकणार नाही. तथापि दिसणे आणि पाहिले जाणे ह्या दोन गोष्टी भिन्न असल्या, तरी जो दिसतो त्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत. वर कोणी उभे आहे एवढ्यानेच हात आखडतो, पदर सावरला जातो, आणि मनात म्हटलेला श्लोक ओठांवरच थांबतो. ‘ज्याला लपवावयाचे काही नाही त्याला आडोसा कशाला?’ असा युक्तिवाद आजकाल पुष्कळ ऐकू येतो. आम्हांस तो युक्तिवाद उलट्या टोकाने धरलेला वाटतो. आपल्या देवळांत नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्याचा पडदा ओढतात. देवापाशी लपवावयाचे असे काय असते? सर्वांनी मिळून रांधलेला भात, वरण आणि खीर! तरीही पडदा ओढला जातो, आणि बाहेर उभे असलेले शेकडो डोळे आपण होऊन खाली वळतात. तो पडदा पातळ कापडाचा असतो. वाऱ्याने हलतो, एखाद्या पोराने बोट घातले तर सरकतो. बाहेरच्यांनी तो मानलेला असतो, म्हणूनच तो टिकतो. आडोसा म्हणजे काय, हे आम्हांस कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या पडद्याने अधिक शिकविले आहे. तो दोन बाजूंनी धरावा लागतो.

जुन्या घरांना ही गोष्ट ठाऊक होती. गोव्यातील मोठ्या हिंदू घरांत राजांगण मधोमध असे. घराने आपले अंगण पोटात घेतलेले असल्यामुळे आतल्या बायकांना आभाळही मिळे आणि आडोसाही. सुरतेच्या जुन्या शेऱ्यांतील लाकडी घरांतही आतला चौक असाच असे. नव्या घराने हे सगळे उलटे केले. अंगण पोटातून काढून बाहेर कडेला टाकले, त्याची पट्टी केली, आणि मग त्या पट्टीवर सर्वांची नजर पडू लागल्यावर झाडांच्या आडोशासाठी धावाधाव सुरू झाली. असो.

वकिलाला दुःख झाले की तो कायद्याचे पुस्तक उघडतो. आम्हीही तेच केले, आणि आम्हांस पहिल्यांदा मोठा आनंद झाला. कारण ह्या बाबतीत गुजरातची परंपरा जुनी व तेजस्वी आहे. शेजाऱ्याच्या घरातील खाजगी भागावर नजर जाईल अशी नवी खिडकी उघडणे हा गुजरातच्या रूढीप्रमाणे अन्याय होय आणि त्याविरुद्ध दाद मागता येते, हे मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८६७ साली मणिशंकर हरगोवन विरुद्ध त्रिकम नरसी ह्या खटल्यात मान्य केले. १८८८ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयानेही गोकल प्रसाद विरुद्ध राधो ह्या खटल्यात तेथल्या रूढीवर आधारलेला असाच हक्क मानला. १८८२ सालचा सुविधाधिकाराचा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमाखाली दिलेले एक उदाहरण नेमके ह्याच प्रकारचे आहे. नगराची तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घराचा एरवी दृष्टीआड राहणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी उघडता येत नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला तेव्हा साऱ्या देशात त्याचा गाजावाजा झाला. तो योग्यच होता. परंतु तो हक्क मुख्यतः राज्यसत्तेविरुद्धचा आहे. शेजाऱ्याच्या खिडकीचा विचार गुजरातेत त्यापूर्वी दीडशे वर्षे झालेला होता.

त्या जुन्या रूढीचे मर्म असे की तिने भार पाहणाऱ्यावर टाकला होता. जो नवी खिडकी उघडील त्याने विचार करावा; जो आधीपासून आपल्या चौकात बसला आहे त्याने उठून जाऊ नये. किती सुंदर तत्त्व! परंतु शेरीतल्या दुमजली घरांसाठी जन्मलेले तत्त्व बारा मजल्यांपुढे उभे करावयाचे तर त्या वस्तीतील रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि जी वस्तीच कालपरवा शेतांवर उठली तिची रूढी कोणाच्या साक्षीने सिद्ध करणार? शिवाय इमारतीला परवानगी मिळालेली, माणसे कर्ज काढून राहावयास आलेली. त्या साऱ्यांच्या गॅलऱ्या विटांनी बंद करा, असे कोणत्या तोंडाने मागावयाचे? आम्ही पुस्तक मिटले आणि रोपवाटिकेत गेलो.

रोपवाटिकेच्या माणसाने आम्हांस तीन प्रश्न विचारले. जागा किती रुंद? उंची किती हवी? किती दिवसांत हवी? आम्ही सांगितले, दीड फूट रुंद, पंधरा फूट उंच, आणि लवकरात लवकर. त्याने क्षणाचाही विलंब न लावता कोनोकार्पसची रोपे दाखविली. त्या वेळी गुजरातच्या शहरांत हे झाड जिकडेतिकडे लागत होते. रस्त्यांच्या दुभाजकांवर, बंगल्यांच्या कुंपणांवर, कारखान्यांच्या भिंतींलगत. बारमाही हिरवे, खाऱ्या जमिनीला व उन्हाला न डगमगणारे, कापावे तितके दाट होणारे. २०१९ च्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, आम्ही उत्तरेकडील भिंतीलगत सहा रोपे लावली. चौथा प्रश्न त्याने विचारला नाही आणि आम्हांसही सुचला नाही : भिंतीपलीकडे कोण राहते?

तिसऱ्या वर्षी रांग पंधरा फुटांवर गेली. इमारत दिसेनाशी झाली. आईने तुळस पुन्हा वृंदावनात लावली आणि पुन्हा प्रदक्षिणा सुरू केल्या. आम्ही इतके संतुष्ट झालो की कोर्टात दोनचार मित्रांनाही तेच झाड सुचविले. ते आज आमच्याशी काय बोलतात ते येथे सांगण्याचे कारण नाही.

२०२३ च्या जानेवारीत बांच्या परसातील सांडपाण्याचे पाणी तुंबले. प्लंबरने फरशी उचलली तेव्हा नळाच्या सांध्यातून केसांच्या जटेसारखी मुळे आत शिरलेली निघाली. मुळे आमची होती. बांनी निरोप पाठविला. आम्ही तत्काळ गेलो, क्षमा मागितली, आणि सारा खर्च देऊ केला. येथवर सर्व ठीक होते. कायद्यानेही तो आमच्यावर बसला असता. परंतु प्लंबर काम करीत असता आम्ही बांच्या परसात उभे राहिलो, आणि आम्हांस थंडी वाजली.

जानेवारीतील दुपारचे बारा वाजले होते. सुरतेची थंडी ती काय, परंतु त्या परसात सावली ओल धरून बसली होती. फरशीच्या कडेला शेवाळ चढले होते. ज्या खुर्चीवर बसून बा दर हिवाळ्यात पापडी सोलीत असत, ती एका कोपऱ्यात उलटी ठेवलेली होती. सुरतेची पापडी म्हणजे उंधियूचा प्राण. थंडी पडली की घरोघरी म्हाताऱ्या उन्हात बसून ती सोलतात, आणि त्या उन्हात त्यांचे गुडघेही शेकले जातात. आम्ही विचारले, ‘बा, हल्ली आपण येथे बसत नाही?’ त्या म्हणाल्या, सकाळचे ऊन गेले म्हणून त्या पुढच्या ओटल्यावर बसू लागल्या. पण ओटला पश्चिमेस, तेथे ऊन येते दुपारी, आणि रस्त्यावरच्या मोटारींची धूळही येते. किती दिवस झाले? दोन हिवाळे. मग आम्हांस सांगितले का नाही? ‘एमां शुं कहेवानुं, दीकरा?’ त्यात काय सांगावयाचे?

आम्ही म्हटले, ‘बा, ती इमारत तुमच्या परसावर तर आमच्याहून अधिक वाकलेली आहे. तुम्हांला त्या गॅलऱ्यांचे काही वाटत नाही?’ बा हसल्या. ‘मने जुए तो भले जुए, तडको तो जोईए ने!’ मला पाहतात तर पाहोत बापडे, मला ऊन तर हवे ना! इतक्या साध्या वाक्याने आमच्या चार वर्षांच्या समाधानाचा पाया खचला.

त्या रात्री आम्ही सूर्याचा हिशोब मांडला. तो शाळेतल्या भूमितीचा आहे, वकिलालाही जमतो. सुरत २१ अक्षांशांच्या थोडी वर वसलेली आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. अर्थात जेवढी उंची तेवढीच सावली. पाच फुटांच्या भिंतीची सावली बांच्या अठरा फुटी परसात पाच फूट जात होती, आणि उरलेले तेरा फूट ऊन त्यांचे होते. आमच्या पंधरा फुटी रांगेने पंधरा फूट घेतले. त्यांच्यापाशी उरले तीन फूट, तेही घराच्या दूरच्या टोकाला. आणि दुसरी बाजू अशी की मे महिन्याच्या अखेरीस तोच सूर्य सुरतेच्या जवळजवळ डोक्यावर येतो; तेव्हा झाडाची सावली झाडाच्या पायाशीच पडते. म्हणजे शेजाऱ्याला जेव्हा सावली हवी तेव्हा आमचे झाड ती देत नव्हते, आणि जेव्हा ऊन हवे तेव्हा ते सगळे पिऊन टाकीत होते. झाड लावणे हे पुण्य खरे. पण ह्या पुण्याची वसुली आम्ही एका म्हातारीच्या गुडघ्यांकडून केली होती.

आता कायदा काय म्हणतो? कायदा आमच्या बाजूचा होता, आणि हीच गोष्ट आम्हांस अधिक टोचली. वीस वर्षे उपभोगलेल्या प्रकाशाचा व हवेचा हक्क पंधराव्या कलमाने मिळतो, परंतु तो इमारतीला. सतरावे कलम स्पष्ट सांगते की मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या प्रकाशाचा हक्क वहिवाटीने मिळू शकत नाही. बा त्या परसात तीस वर्षे उन्हात बसत असत्या तरी त्या उन्हावर त्यांचा कायदेशीर हक्क शून्य. फुटलेल्या नळाबद्दल आम्ही न्यायालयात हरलो असतो, पण हिरावलेल्या उन्हाबद्दल जिंकलो असतो. आणि नळाचे नुकसान एका दिवसात, काही हजारांत भरून निघाले. दोन हिवाळ्यांचे ऊन भरून देण्याचे साधन आमच्यापाशी नव्हते. कायद्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मोकळ्या जमिनीवरील प्रत्येक किरणाचा हक्क मानला तर शहरात कोणालाच घर बांधता येणार नाही. परंतु कायद्याने सोडून दिलेली जागा रिकामी नसते. तेथे शेजारधर्माचा अंमल चालतो, आणि तेथे फिर्यादीने तोंड उघडेपर्यंत थांबण्याची सवलत प्रतिवादीला मिळत नाही. बा बोलल्या नाहीत म्हणून आमची जबाबदारी कमी झाली नाही; उलट वाढली. जो बोलणार नाही हे ठाऊक आहे त्याच्याकडे आपणच जाऊन पाहावयाचे असते.

आम्ही केलेल्या गोष्टीचे स्वरूप असे होते. बारा मजल्यांनी आमचा आडोसा घेतला. त्यांच्याशी भांडण्याचे बळ आमच्यात नव्हते. तेव्हा आम्ही तो तोटा उचलला आणि भिंतीवरून पलीकडे, आपल्याहून दुर्बळ माणसाच्या परसात ठेवून दिला. तेही हिरव्या रंगात, म्हणजे कोणाला वाईटही वाटू नये! आमच्या व्यवसायात हा प्रकार आम्ही रोज पाहतो. जमीनदाराने कुळाला लुबाडावे, कुळाने मजुराला. प्रत्येकजण आपल्यावर झालेल्या अन्यायाचा दाखला खिशात घेऊन हिंडत असतो, आणि तो दाखला दाखवून खालच्याचे काही घेतो. अशा पक्षकारांना आम्ही अनेकदा उपदेश केला आहे. आपल्या परसातील दाखला मात्र आम्हांस चार वर्षे दिसला नाही.

ह्या ठिकाणी २००६ चा ऑगस्ट आठवल्यावाचून राहत नाही. उकई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला, आणि अडाजण-रांदेरसह शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. आमचा तळमजला बुडाला, बांचाही. मधली पाच फुटांची भिंत पाण्याखाली दिसेनाशी झाली. त्या दिवसांत दोन्ही घरांची माणसे वरच्या मजल्यावर आणि गच्चीवर एकत्र राहिली. गच्चीचा कठडा ओलांडून ताटे जात-येत होती. आडोसा असा कोणालाच नव्हता. परंतु आईला आणि बांना लुगडे बदलावयाचे असे तेव्हा आमचे वडील आणि बांचे यजमान काही न बोलता दुसऱ्या टोकाला जाऊन पुराकडे तोंड करून उभे राहत. तोही एक पडदाच होता. त्याला ना कापड लागले ना झाड.

आईला आम्ही बांच्या परसाची हकीकत सांगितली तेव्हा तिला आमच्याहून अधिक वाईट वाटले. झाडे काढावयाची म्हणजे तिच्या प्रदक्षिणा पुन्हा जाणार, हे आम्ही तिला सांगावयास धजत नव्हतो. ती स्वतःच म्हणाली, ‘तांकां वत जाय, आमकां आडोसो जाय. दोगांकूय पुरता अशें कितें तरी पळय.’ त्यांना ऊन हवे, आपल्याला आडोसा; दोघांनाही पुरेल असे काहीतरी पाहा. एखाद्या न्यायाधीशाने मुद्दे इतक्या थोडक्यात काढलेले आम्ही पाहिले नाहीत. एकाला ऊन हवे म्हणून दुसऱ्याने आडोशावर पाणी सोडावे, हा काही न्याय नव्हे. तो त्याग झाला, आणि त्याग नेहमी घरातल्या बायकांकडूनच मागितला जातो हा आमचा अनुभव आहे.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही ती सहाही झाडे मुळासकट काढली. नुसते तोडून भागत नाही. बुंधा राहिला तर तो पुन्हा फुटतो. त्याच वर्षी सप्टेंबरात गुजरात सरकारच्या वनविभागाने कोनोकार्पस लावण्यास राज्यभर मनाई केली. त्याची मुळे जमिनीखालील तारा व गटारे बिघडवितात आणि त्याच्या फुलोऱ्यातील परागांमुळे सर्दी-खोकला, दमा व अंगावर उठणारी खाज वाढते, अशी कारणे देण्यात आली. मित्रांनी आम्हांस दूरदृष्टीबद्दल अभिनंदनाचे फोन केले. ती दूरदृष्टी नव्हती हे वाचकांस ठाऊक झालेच आहे. मुळे निरुपद्रवी असती आणि पराग चंदनासारखे असते, तरी ते झाड त्या जागी चुकीचेच होते.

मग काय लावावे? सुरतेत पुष्कळ लोक आसोपालव लावतात. मराठीत ज्याला आपण खोटा अशोक म्हणतो तोच हा. खांबासारखा सरळ वाढतो, जागा थोडी घेतो, आणि सणासुदीला त्याच्या पानांची तोरणेही होतात. पण उंच वाढला तर सावलीचा हिशोब तोच. कळकाचे बेट दाट होते. परंतु त्याची पाने बारा महिने गळतात आणि ती बांनी झाडावी लागली असती. कण्हेर सुंदर, देवालाही चालते. तिचा प्रत्येक भाग विषारी, आणि भिंतीपलीकडे बांची नातवंडे खेळतात. मेंदी आपली जुनी, सोशिक, अडुळसाही तसाच. कुंती मात्र आम्हांस आवडली. सुरतेत तिला कामिनी म्हणतात. हळूहळू वाढते, कापली की राहते, आणि पावसाळ्यात रात्री तिच्या वासाने परस भरून जातो. रोपवाटिकेत ‘हळूहळू वाढते’ हा दोष समजतात. आम्हांस तो आता गुण वाटू लागला आहे, कारण शेजाऱ्याला विचार करावयास व बोलावयास तेवढा वेळ मिळतो.

परंतु खरा उलगडा झाडाच्या जातीने झाला नाही. आडोसा कोठे उभा करावयाचा ह्या विचाराने झाला. उंचावरून येणारी नजर अडवावयाची तर सीमेवर मनोरा कशाला हवा? छत्री पावसाजवळ नेत नाहीत, डोक्याजवळ धरतात. आम्ही परसाच्या उत्तरेकडील अर्ध्या भागावर, मोरीच्या वर, साडेसात फूट उंचीचा लोखंडी नळ्यांचा मांडव घातला आणि त्यावर जुई व मधुमालती चढविल्या. खाली भिंतीलगत कुंतीची चार झुडपे, भिंतीच्या उंचीइतकीच. भिंत पाच फूट, मांडव साडेसात. म्हणजे डिसेंबरातही बांच्या परसात जादा सावली अडीच फुटांहून अधिक जात नाही. नळ्या उभ्या करण्यापूर्वी आम्ही बांना बोलावून, हातात बांबू धरून उंची दाखविली. त्या म्हणाल्या, अर्धा फूट वर गेला तरी चालेल. आम्ही नेला नाही.

सगळे साधले असे मात्र नाही. तुळशीला ऊन हवे म्हणून ती मांडवाबाहेर दक्षिणेच्या बाजूस आहे, आणि अगदी वरच्या दोन मजल्यांवरून ती दिसते. आई म्हणते, तेथून माणूस मुंगीएवढा दिसतो. मुंगीने प्रदक्षिणा घातल्या तर कोणाचे काय जाते! ती खरोखरच समाधानी आहे की आमच्या समाधानासाठी तसे म्हणते, हे आम्ही अद्याप ठरवू शकलो नाही. प्रदक्षिणा मात्र चालू आहेत. आणि मधुमालतीबद्दल आमची निवड थोडी चुकलीच. ती फार आवेशाने धावते, भिंत ओलांडते, आणि दर दीड महिन्याने कापावी लागते. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या शेजाऱ्याने नोटीस न देता कापाव्या, हा इंग्लंडातील न्यायालयांनी १८९५ पूर्वीच पक्का केलेला नियम बांना कोणी सांगितला नाही. त्या कापीत नाहीत. भिंतीपलीकडून हाक मारतात. मग आम्ही शिडी लावून अलीकडून कापतो, त्या पलीकडून पडलेल्या फांद्या गोळा करतात, आणि तेवढ्यात गावातल्या साऱ्या बातम्या होतात.

जुईच्या फुलांचा प्रश्न निराळा. वेल आमची, म्हणून भिंतीपलीकडे लोंबणारी फुलेही कायद्याने आमचीच. आईने हे ऐकले आणि कानांवर हात ठेवले. बा ती सकाळी तोडतात, अर्धी आपल्या ठाकोरजींना वाहतात, आणि अर्धी पळसाच्या द्रोणातून भिंतीवर ठेवतात. परवा द्रोणाबरोबर सोललेली पापडी आली. सोबत निरोप होता की वेल पुन्हा खुर्चीपर्यंत आली आहे, रविवारी कात्री घेऊन या.